खरकटे काढणार कोण?

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. मुलांना सुट्ट्या म्हणून पुण्याहून मुलगा-सून आणि भोपाळहून मुलगी-जावई नातवंडांसह आले होते. रविवारी रात्री घरात अकरा माणसे जेवली. पाटोडी रस्सा, त्यावर बोटभर तर्री, वडा-भात आणि त्यावर ओतायला फोडणीचे कडकडीत तेल, असा अस्सल नागपुरी बेत होता. जेवणे आटोपली आणि जावईबापूंनी मोठ्या उत्साहाने सगळी भांडी डिशवॉशरमध्ये रचली. बटण दाबले. आम्ही मंडळी बाहेरच्या खोलीत सुपारी कातरत गप्पा मारीत बसलो. यंत्रयुगाचे गोडवे गाऊन झाले.

अर्ध्या तासाने स्वयंपाकघरातून गुरगुर ऐकू आली, मग एक लांब शिट्टी, आणि नंतर शांतता. दार उघडून पाहतो तो तळाशी चार बोटे तपकिरी पाणी, त्यावर तेलाची वर्तुळे आणि त्यांत तरंगणारी भाताची शिते. मुलाने मोबाइल काढला. जावयांनी यंत्र बंद करून पुन्हा सुरू केले. मी माहितीपुस्तिका शोधायला कपाटाकडे गेलो. आम्ही तीन कर्ते पुरुष याप्रमाणे आपापल्या कामगिरीवर निघालेलो असताना सौ.ने पदर खोचला, सिंकपाशी उभी राहिली आणि त्या थंडीत गार पाण्याने एकेक ताट घासायला सुरुवात केली. तिचे मनगट दुखते म्हणून तर मुलाने दोन वर्षांपूर्वी हे यंत्र घेऊन दिले होते!

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडू-पोछ्याला येणाऱ्या मावशी आल्या. बावीस वर्षे त्या आमच्याकडे येतात. यंत्राच्या उघड्या दारातून त्यांनी एकदाच आत डोकावून पाहिले.

“खरकटं काढल्याबिगर भांडी टाकली असन, काकाजी,” त्या म्हणाल्या. “मशीन काय करन? त्याले काय हात आहेत?”

तिसऱ्या दिवशी कारागीर आला. वयाने माझ्या मुलापेक्षाही लहान. त्याने खालचा कप्पा बाहेर काढला, तळाच्या खळगीत हात घातला, काहीतरी अर्धा वेढा फिरवून उचलले आणि जमिनीवर पसरलेल्या वर्तमानपत्रावर ठेवले. ती एक गाळणी होती. तिच्यातून निघालेला ऐवज असा : भाताचा लगदा, डाळीचा चिकटा, कढीपत्त्याची पाने, मिरचीचे देठ, लिंबाच्या सात बिया, लोणच्याच्या बरणीवरच्या कागदाचा तुकडा आणि या सगळ्याला बांधून ठेवणारे पांढरट, मेणासारखे घट्ट तूप-तेल.

“काका, मशीन एकदम चांगली आहे. ही जाळी शेवटची कधी धुतली होती?”

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो. अशी काही जाळी असते, हेच मला दोन वर्षे ठाऊक नव्हते.

मी उभी हयात बँकेत काढली. बँकेत ‘सस्पेन्स’ नावाचे एक खाते असते. ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही, ती तात्पुरती तिथे टाकून ठेवायची. तात्पुरती, हे महत्त्वाचे. शाखा तपासायला आलेला अनुभवी अधिकारी आधी तेच खाते मागवी. कारण त्यात किती साचले आहे यावरून त्या शाखेत रोजचे काम रोज होते की नाही, हे कळते. डिशवॉशरची गाळणी हे स्वयंपाकघराचे सस्पेन्स खाते आहे. मी दोन वर्षांत ते एकदाही उघडून पाहिले नव्हते.

वास्तविक या अडचणीची सगळी कुंडली आपल्या भाषेत केव्हाचीच मांडून ठेवली आहे. मराठीत ‘उष्टे’ आणि ‘खरकटे’ हे दोन निरनिराळे शब्द आहेत. उष्टे म्हणजे कुणाच्या तोंडचे. खरकटे म्हणजे शिजलेल्या अन्नाचा हाताला, भांड्याला, जमिनीला चिकटून राहिलेला अंश. लहानपणी महालातल्या आमच्या वाड्यात खरकट्या हाताने पाण्याच्या गंजाला शिवलेले चालत नसे. जेवून उठायचे पुरुषांनी. ताटे उचलायची, खरकटे काढायचे, जागा पुसून घ्यायची ती बायकांनी. खरकटे ही शिवायची नव्हे अशी वस्तू होती आणि म्हणूनच ती नेहमी दुसऱ्याने उचलायची असे. तो ‘दुसरा’ घरातली सून होती, पुढे मोलकरीण झाली. आता आम्ही ते काम यंत्राकडे सोपवले आणि यंत्राने ते जसेच्या तसे आमच्या पुढ्यात आणून ठेवले.

जुन्या पद्धतीचे गोडवे मला गायचे नाहीत. आईच्या हाताला पडलेल्या भेगा मी पाहिल्या आहेत. पण त्या पद्धतीत एक क्रम होता. आधी खरकटे बादलीत काढले जाई, ते गाईपुढे जाई. मग चुलीतली राख आणि नारळाची शेंडी. राखेत क्षार असतो. तो तेलकटपणाशी मिळाला की थोडा साबणच तयार होतो, म्हणून राखेने भांडी लख्ख निघत. पितळेला चिंच. ते पाणी मोरीतून परसात जाई आणि तिथल्या अळूला व केळीला मिळे. अन्न, तेल आणि पाणी या तिघांच्या वाटा निरनिराळ्या होत्या. आज आपण तिन्ही एकाच दीड-दोन इंची नळीत लोटतो आणि ती तुंबली की नवल करतो.

डिशवॉशर ही काही आजची गोष्ट नव्हे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनी २८ डिसेंबर १८८६ रोजी भांडी धुण्याच्या यंत्राचे पेटंट मिळवले. नोकरांच्या हातून महागड्या चिनी मातीच्या बशांचे कंगोरे उडत, म्हणून त्यांनी हा उद्योग आरंभला असे सांगतात. पती कर्ज मागे ठेवून वारल्यावर तोच उद्योग त्यांचा आधार झाला. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात त्यांची यंत्रे मांडली गेली. त्याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंद बोलले, हे आपल्याला पाठ असते. त्याच गावात त्याच वर्षी पाण्याच्या जोराने ताटल्या धुणारे यंत्रही लोक पाहत होते, हे मात्र कुणी सांगत नाही. पहिली गिऱ्हाइके हॉटेले होती. घरोघरी ते पोचायला पुढे अर्धशतकाहून अधिक काळ गेला. आपल्याकडे तर मार्च २०२० च्या टाळेबंदीपर्यंत ते श्रीमंतांचे खूळच समजले जाई. कामवाल्या बायांचे येणे बंद झाले, भांड्यांचे ढीग पडू लागले आणि मध्यमवर्गाने एकाएकी हे यंत्र मनावर घेतले.

ते घेतले, पण समजून घेतले नाही. म्हणून त्या कारागिराकडून आणि नंतर चष्मा लावून वाचलेल्या माहितीपुस्तिकेतून मला जे उमजले ते इथे मांडतो. ज्यांच्या घरी यंत्र आहे त्यांना त्याचा उपयोग होईल. ज्यांच्या घरी नाही त्यांच्या सिंकलाही यातले बरेचसे लागू आहे.

हे यंत्र भांडी घासत नाही. ते थोडेसे पाणी तापवते आणि तेच पाणी पुन्हापुन्हा भांड्यांवर जोराने फवारते. एका वेळेला साधारण दहा ते पंधरा लिटर पाणी लागते. मिनिटाला सहा लिटर पाणी देणारा नळ दहा मिनिटे उघडा राहिला तर साठ लिटर जातात, हे लक्षात घेतले तर ही काटकसर लहान नाही. पण काटकसरीची किंमत अशी, की फवारलेले पाणी खाली येऊन गाळणीतून गाळले जाते आणि तेच वर जाते. गाळणी तुंबली की घाण पाणीच भांड्यांवर फिरत राहते. पाणी बाहेर टाकणारा छोटा पंप वेगळा. त्याच्या पात्यात लिंबाची बी, काचेचा कपचा किंवा हाडाचा तुकडा अडकला की पाणी तळाशी साचून राहते. फवारा मारणाऱ्या पंख्यांना बारीक छिद्रे असतात. आपल्या फोडणीतल्या मोहरीला आणि जिऱ्याला ती अगदी मापाची वाटतात.

तेव्हा यंत्र तुंबले तर आधी घाबरू नये आणि पुन्हापुन्हा बटणही दाबू नये. वीज बंद करून प्लग काढावा, पाण्याचा नळ बंद करावा, आतले पाणी गरम असेल तर निवू द्यावे. वाटीने आणि स्पंजाने पाणी काढून घ्यावे. खालचा कप्पा बाहेर ओढून गाळणी फिरवून काढावी आणि वाहत्या पाण्याखाली जुन्या टूथब्रशने घासावी. तारेच्या घासणीने नव्हे, त्याने जाळी फाटते. मग विजेरीच्या उजेडात खळगीत पाहावे. आत हात घालायचा तर रबरी मोजा घालूनच, कारण काच कुठे दडली असेल सांगता येत नाही. पंख्यांची छिद्रे दात कोरायच्या काडीने मोकळी करावीत. गाळणी परत बसवताना ती नीट अडकली आहे ना हे पाहावे. सैल राहिली तर सगळा कचरा थेट पंपात जातो.

एवढ्यानेही पाणी जात नसेल तर यंत्राची मागची बाजू बघावी. साफसफाईच्या वेळी यंत्र भिंतीकडे ढकलले जाते आणि सांडपाण्याची नळी दुमडते. ही नळी बाहेर पडल्यावर आधी सिंकच्या उंचीपर्यंत वर चढवून मग खाली आणलेली असावी. तसे नसेल तर सिंकचे घाण पाणी उलटे यंत्रात येऊ शकते. आणि सर्वांत सोपी परीक्षा : शेजारच्या सिंकमधले पाणीही रेंगाळत जात असेल तर दोष यंत्राचा नव्हे, दोघांच्या सामाईक नळीचा आहे. सिंकखाली जी बाटलीसारखी वस्तू असते, ती खाली बादली ठेवून हातानेच फिरवून उघडता येते. तिच्यात पाणी साचून राहावे अशीच रचना असते, म्हणजे गटाराचा वास घरात येत नाही. पण त्या पाण्याखाली तूप आणि चहाचा चोथाही साचतो. ती धुऊन, रबरी वायसर जागेवर ठेवून परत बसवावी. आपल्या मोरीच्या तोंडाशी असते त्या वस्तूला देशभरचे प्लंबर ‘नहानी ट्रॅप’ म्हणतात. हा शब्द आपल्या न्हाणीतूनच गेलेला आहे. इतकी जुनी ओळख असूनही आपण तिच्याकडे पाहत नाही. हे सगळे करूनही पाणी हलले नाही, तर मात्र कारागिराला बोलवावे. त्याचे पैसे मग सत्कारणी लागतात.

एक गोष्ट कटाक्षाने टाळावी. नळी मोकळी करण्याच्या दाहक पुड्या यंत्रात कधीही ओतू नयेत. कॉस्टिक सोड्याने डोळे आणि कातडी जळते. एक औषध चालले नाही म्हणून त्यावर दुसरे ओतणे तर फारच धोक्याचे. ब्लीच आणि आम्ल एकत्र आले की क्लोरिन हा विषारी वायू निघतो.

आता तुंबू नये म्हणून काय करावे? पहिला आणि शेवटचा नियम मावशींनी सांगितला तोच. खरकटे काढावे. पण खरकटे काढणे म्हणजे भांडे धुणे नव्हे. आधी नळाखाली लख्ख धुऊन मग यंत्रात ठेवायचे, तर यंत्र हवे कशाला? चमच्याने किंवा पोळीच्या तुकड्याने ताट निपटावे, तर्रीची कढई रद्दी कागदाने पुसून तो कागद कचऱ्यात टाकावा, आणि तसेच भांडे आत ठेवावे. तेलकट भांड्यांसाठी जास्त गरम पाण्याचा कार्यक्रम लावावा. थंड पाण्यात तूप हलत नाही, आणि आमच्या नागपूरच्या डिसेंबर-जानेवारीत तर ते नळीत पोचताच थिजते. साधी भांड्यांची साबणपूड किंवा लिक्विड यंत्रात घालू नये. त्याच्या फेसाने यंत्र गुदमरते. या यंत्रासाठीची पूड किंवा वडीच वापरावी. लोखंडी तवा, पितळ, तांबे, ॲल्युमिनियमची भांडी, पोळपाट-लाटणे आत घालू नये. गाळणी रोज झटकावी, आठवड्यातून एकदा धुवावी.

दुसरा नियम पाण्याचा. नागपूरच्या जमिनीची गंमत अशी, की शहराच्या पश्चिमेला काळा बेसॉल्ट खडक आहे आणि पूर्वेला त्याहून किती तरी जुना नीस. खडकातून झिरपलेल्या विहिरी-बोअरच्या पाण्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार येतात. पेंच-कन्हानचे नळाचे पाणी वेगळे आणि उन्हाळ्यात सोसायटीच्या बोअरचे वेगळे. बादलीच्या कडेला पांढरी रेघ धरत असेल, गीझरच्या कॉइलवर खपली चढत असेल, तर पाणी जड आहे असे समजावे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. आपल्याला ते पिऊन फार बाधत नाही, पण यंत्राला बाधते. क्षाराची खपली छिद्रे अरुंद करते. तेलकटपणाशी क्षार मिळाले की न विरघळणारा, मेणचट साबण तयार होतो. गाळणीत मला जे पांढरे दिसले होते त्यात तोही असणार.

म्हणून यंत्रात मीठ घालायची वेगळी जागा असते. ते मीठ भांड्यांना लागत नाही. पाण्यातले कॅल्शियम धरून ठेवणारे बारीक मणी आत असतात, ते मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे होतात. यासाठीचे जाड मीठच घालावे; जेवणातले बारीक मीठ नको. आपले पाणी किती जड आहे ते तपासून तेवढा आकडा यंत्रात एकदा लावून ठेवावा लागतो. आमच्याकडे तो कारखान्यातून आला तसाच होता. दोन-तीन महिन्यांतून एकदा लिंबूसत्व घालून रिकामे यंत्र गरम पाण्यावर चालवले तर खपली निघते.

इथपर्यंत घरातले झाले. पण यंत्राने बाहेर टाकलेले पाणी जाते कुठे? आपली नजर भिंतीपाशी थांबते. पाणी थांबत नाही. लंडनमध्ये व्हाइटचॅपल भागाच्या गटारात २०१७ साली तेल-चरबी आणि कचऱ्याचा एक घट्ट गोळा सापडला. लांबी सुमारे २५० मीटर, वजन सुमारे १३० टन. तो फोडून काढायला माणसांना अनेक आठवडे गटारात उतरावे लागले. पुढे त्याचा एक तुकडा तिथल्या संग्रहालयात ठेवला. हजारो घरांनी रोज थोडे थोडे ओतलेल्या तेलाचे ते स्मारकच म्हणायचे.

आपल्या शहरातल्या सांडपाण्याची कहाणी याहून जवळची आहे. लाव्ह्याच्या टेकड्यांकडून येणारी नाग नदी अंबाझरीवरून भर वस्तीतून वाहते, पुढे कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला. शहराने तिच्यात सोडलेले सगळे गोसीखुर्दच्या जलाशयाकडे जाते. ती स्वच्छ करण्याच्या १९२५ कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या प्रकल्पाची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली. सांडपाणी शुद्ध करण्याचे मोठे केंद्र आहे ते भांडेवाडीला. नाव किती समर्पक! तिथे शुद्ध केलेले पाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला दिले जाते. म्हणजे आपण आज ज्या पाण्याने भांडी धुतो, त्यातले काही उद्या वीज तयार करायला लागते, आणि त्या विजेवर पुन्हा कुणाचे तरी यंत्र फिरते. इतकी सुंदर साखळी कुणी जोडून दिली असताना तिच्या पहिल्याच कडीत आपण वाटीभर तर्री ओततो. ती वाटी काढायला गटारात कुणाला तरी उतरावे लागते. तो माणूस कोण असतो, हे आपल्याला माहीत असते आणि आपण त्याचा विचार करत नाही.

आपल्या विदर्भाला तरी हे शोभत नाही. शेंडगावात जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरले की आधी खराटा घेऊन गटार झाडत आणि मग कीर्तनाला उभे राहत. इथून काही कोसांवर सेवाग्राम आहे. १९३६ पासून गांधीजी तिथे राहिले. आपले ताट आपण घासायचे, हा आश्रमाचा नियम होता. आपण गाडगेबाबांचे नाव विद्यापीठाला दिले, सेवाग्रामला सहली नेल्या आणि ताट मात्र टेबलावर सोडून उठलो.

आणि आता एक कबुली. यंत्र घरी आले त्या आठवड्यात मी मावशींना सांगितले, की उद्यापासून भांड्यांचे काम नाही. त्यांच्या पगारातून भांड्यांचे पैसे वजा झाले. बँकेतल्या माणसाने ते अगदी हिशेबाने वजा केले. त्या फक्त “बरं” म्हणाल्या. वीस वर्षे रोज दोन वेळा आमचे खरकटे काढणाऱ्या बाईला मी एका महिन्याची सूचनाही दिली नाही. मी स्वतः ग्रॅच्युइटी घेऊन निवृत्त झालो, दर महिन्याला पेन्शन खातो. आपल्याच नागपुरात रूपाताई कुलकर्णींनी मोलकरणींची संघटना उभी केली, २००८ साली राज्यात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदाही झाला. हे सगळे मी वर्तमानपत्रांत वाचले होते. वाचून घडी घालून ठेवले होते.

यंत्र वाईट आहे असे मी म्हणत नाही. सौ.चे मनगट आता बरे आहे आणि थंडीत कुणालाच गार पाण्यात हात घालावे लागू नयेत. पण यंत्र आले म्हणजे खरकटे संपले, असा जो आमचा समज होता तो खोटा निघाला. काम तेवढेच राहिले. दोन मिनिटांचे, पण किळसवाणे, आणि नेमके तेच करायला कुणी उरले नव्हते. सौ. भांडी रचे, मुलगा-जावई आले की बटण दाबत, मी वीजबिल भरी. गाळणीचे खाते कुणाच्याच नावावर नव्हते. ज्या घरात यंत्र येईल त्या घराने किंमत आणि गॅरंटी विचारण्याआधी, रात्री जाळी कोण धुणार, हे एकदा ठरवून घ्यावे. आणि ते नाव दरवेळी घरातल्या बाईचेच निघत असेल, तर यंत्र आणून फारसे काही बदललेले नाही, हे समजून असावे.

आमच्या घरी ते नाव माझे आहे. जानेवारीपासून मावशींचा पगार आम्ही पूर्ववत केला. “हे तेव्हाच करायला पाहिजे होतं,” एवढेच सौ. म्हणाली. आधीच्या दोन वर्षांत वजा केलेले पैसेही हप्त्याहप्त्याने देतो आहे. पहिला हप्ता हातात ठेवला तेव्हा मावशींनी नोटा दोनदा मोजल्या आणि कमरेला लावल्या. माझ्याकडे पाहिले नाही.

परवा सकाळी मी धुतलेली गाळणी ओट्यावर सुकत ठेवली होती. मावशी पोछा मारता मारता थांबल्या, हात पदराला पुसला आणि गाळणी उचलून खिडकीच्या उजेडाकडे धरली. मी शाखा तपासायला आलेल्या अधिकाऱ्यापुढे उभा राहावा तसा उभा राहिलो.

“काकाजी,” जाळीच्या एका कोपऱ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, “इथलं राह्यलं.”